वरच्या चौकोनातलं नाव

रविवारी सकाळी पाचही शेडना पाणी देऊन झालं, तेव्हा प्रियदर्शनीनं, घरच्यांच्या प्रियानं, सगळ्यांना पॅकिंगच्या खोलीत चहाला बोलावलं. नुसतं 'बोलायचंय' म्हटलं असतं तर त्या घरातला एकही माणूस हातातलं काम टाकून आला नसता, हे लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आतच तिला कळून चुकलं होतं. सगळे आले, कप हातात पडले, आणि मग तिनं कपाटामागून गुंडाळी काढून एक भलामोठा पांढरा कागद भिंतीवर चिकटवला.

कागदावर पट्टीनं आखलेले चौकोन होते. सगळ्यात वर एक, त्याखाली चार, आणि त्या चारांतल्या एकाखाली आणखी एक. वरच्या चौकोनात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'नाथाजी : प्रमुख'. खाली धाकटा मुलगा इंद्रजित, म्हणजे तिचा नवरा : ऑर्डर आणि गाडी. ती स्वतः : बियाणं आणि नोंदी. थोरली जाऊ विजयमाला : रोपांची निगा. थोरले दीर उदयसिंह यांचा चौकोन तुटक रेघांचा होता, कारण त्यांना फौजेतून सुटायला अजून वर्ष होतं. विजयमालाच्या खालच्या चौकोनात 'फवारणी आणि आळवणी' एवढंच लिहून पुढं प्रश्नचिन्ह काढलं होतं. त्या प्रश्नचिन्हावर सगळ्यांची नजर गेली आणि सगळ्यांनी ती लगेच दुसरीकडं वळवली.

"हे घर हाय का साखर कारखाना?" इंद्रजितनं विचारलं.

उदयसिंह पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आले होते. हात पाठीमागं बांधून त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि झकास आहे असा निर्वाळा दिला. बायको म्हणेल ते हाणून पाडायचं हा इंद्रजितचा जुना छंद होता, पण थोरला भाऊही तिकडं गेलेला बघून तो जरा नरमला. तात्या, म्हणजे सासरे नाथाजी, पालथ्या क्रेटवर बसून बशीतून चहा पीत होते.

रहिमतपूरच्या बाहेर ही नर्सरी उभी राहिली ती मिरचीच्या दोन वाफ्यांवर. तीस वर्षांपूर्वी तात्या आणि त्यांची बायको बयाबाई, दोघांनी मिळून रोपांचं तरू लावलं, आठवडी बाजारात नेऊन विकलं, आणि पुढं त्यातूनच शेडनेट, ट्रे, नारळाच्या भुशाचं कोकोपीट, टेंपो असं सगळं आलं. या सगळ्याला कायदा एकच होता, आणि तो बयाबाई जाईपर्यंत दिवसातून दहादा म्हणायच्या. दिसलं की करायचं. पाणी सुटलंय दिसलं, त्यानं कॉक बंद करायचा. तण दिसलं, त्यानं उपटायचं. गिऱ्हाईक दिसलं, त्यानं बोलायचं. हे माझं काम नाही असं म्हणणारं माणूस त्या घरात जन्माला आलं नव्हतं आणि सून होऊनही आलं नव्हतं. तात्यांना याचा फार अभिमान होता आणि तो खोटाही नव्हता.

विजयमाला दाराशी उभी होती. हातातला चहा निवून चालला होता. तिची नजर एकाच चौकोनावर खिळली होती, आणि तो तिचा नव्हता.

"मला न्हाई पटत हे," ती म्हणाली.

सगळे चमकले. वीस वर्षांत विजयमालानं घरातल्या कुठल्याच गोष्टीला सरळ नाही म्हटलं नव्हतं. इंद्रजितला अचानक मिळालेल्या या पाठिंब्यानं उकळ्या फुटल्या. प्रिया मात्र कानकोंडी झाली. कागद करताना तिनं सगळ्यात जास्त विचार थोरल्या जावेचा केला होता, आणि आता तिला वाटलं, अक्कांना आपला चौकोन लहान वाटला असणार. तिनं हळू आवाजात विचारलं, की तुमच्या चौकोनात आणखी काही घालायचं राहिलंय का. विजयमालानं मान हलवली. जे राहिलं होतं ते कागदावर लिहिण्यासारखं नव्हतंच.

गोष्ट वर्षभरापूर्वीची. तात्यांनी मिरचीच्या एकाच ट्रेमध्ये दोनदा बी टोकलं. विजयमालानं ते बघितलं आणि वाटलं, झालं असेल, वय आहे. मग झेंडूच्या शेडचा कॉक रात्रभर उघडा राहिला. मग एका गिऱ्हाइकाला कबूल केलेली रोपं त्यांनी दुसऱ्याला हसत हसत देऊन टाकली, आणि पहिला दारात आला तेव्हा त्याला ओळखच दाखवली नाही. विजयमालाला कळायचं ते कळलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही, फोनवर नवऱ्यालाही नाही. तात्या एका शेडमधून बाहेर पडले की पाच मिनिटांनी ती आत शिरायची. राहिलेलं करायची, चुकलेलं निस्तरायची, आणि काही न झाल्यासारखी बाहेर यायची. दिसलं की करायचं, हा कायदा तिच्या पथ्यावर पडला होता. कुणाचं काम कुठलं हे ठरलेलंच नसल्यामुळं कुणाचं कुठलं राहिलं हेही कुणाला दिसत नव्हतं. सासऱ्याचा मान तिनं त्या गोंधळाच्या आडोशाला जपून ठेवला होता. आता या पोरीनं पट्टी घेऊन तो आडोसाच काढून टाकायचं ठरवलं होतं, आणि वर 'प्रमुख' म्हणून त्यांचंच नाव घातलं होतं. उद्यापासून प्रत्येक गोष्ट त्यांना विचारली जाणार आणि त्यांना सांगता येणार नाही.

"आजवर चाललंय की," ती म्हणाली. "एकमेकांचं बघून घेतोयच की आपण."

प्रियानं ओठ चावला. भांडायचा तिचा स्वभाव नव्हता, पण सांगलीत हळदीच्या एका पेढीच्या ऑफिसात तिनं तीन वर्षं काढली होती आणि तिथं जे बघितलं ते ती विसरली नव्हती.

"अक्का, त्या वडूजच्या टोमॅटोची आळवणी कुणी करायची होती?" तिनं विचारलं. "सगळ्यांनीच, बरोबर? म्हणून दोनदा कुणी केली ते आजपर्यंत कुणाला सांगता आलं नाही. मग चूक रंगुमावशींच्या नावावर गेली, कारण बोट दाखवायला त्याच सगळ्यात सोप्या. काम ठरलेलं नसलं की दोष सगळ्यात खालच्या माणसावर जातो, हे मी पेढीत बघितलंय. मी हा कागद कुणाला मोठं करायला काढलेला नाही. तसं पुन्हा होऊ नये म्हणून काढलाय."

वडूजचं गिऱ्हाईक जोतिबा, त्यांची टोमॅटोची रोपं, एकशेवीस ट्रे. ती लंबुळकी होऊ नयेत म्हणून वाढ रोखायचं औषध पाण्यातून एकदा द्यायचं असतं, त्याला आळवणी म्हणतात. ती एकाच दिवशी दोनदा झाली आणि रोपं जागच्या जागी बसली. पानं गर्द हिरवी, जाड, पण उंची एका बोटानं वाढेना. जोतिबांनी रान तयार ठेवलेलं, त्यांना शेवटी दुसरीकडून रोपं न्यावी लागली. सकाळी सात वाजता तात्यांना पंप घेऊन आळवणी करताना इंद्रजितनं स्वतः बघितलं होतं. म्हणजे दुसऱ्यांदा केली ती रंगुबाईनं, कारण एरवी ते काम बहुतेक तीच करायची. मी केली नाही, असं ती तीन वेळा म्हणाली. इंद्रजित तापला होता. उद्यापासून येऊ नका, म्हणाला. चौदा वर्षं कामाला असलेली बाई डबा घेऊन मुकाट्यानं निघून गेली, त्याला आज चार दिवस झाले.

ते चार दिवस विजयमालाला जेवण गेलं नव्हतं.

"आळवणी मी केली," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा. रंगुबाईनं न्हाई."

इंद्रजितनं कप खाली ठेवला. म्हणाला, "वहिनी, पर तात्यांनी सकाळीच केली हुती की. त्यांना विचारायचं तरी."

त्या दिवशी विजयमाला उशिरा, दहाला शेडमध्ये शिरली तेव्हा ट्रे वरून सुकलेले होते आणि औषधाची बाटली टोपण लावून फळीवर जागच्या जागी होती. तात्या बाहेर चिंचेखाली बसले होते, दहा पावलांवर. तोंड उघडलं असतं तर झालं असतं. पण विचारणं म्हणजे तुमच्यावर माझा भरवसा नाही असं त्यांना तोंडावर सांगणं, आणि ते तिच्यानं होईना. तिनं पंप भरला. आता हे सांगायचं म्हणजे वर्षभर झाकलेलं सगळं त्यांच्यादेखत उघडं करायचं. न सांगावं तर रंगुबाई घरी बसलेली. तिचे डोळे भरून आले आणि ती जमिनीकडं बघत राहिली.

"तिनं इचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं," तात्या म्हणाले.

त्यांनी बशी क्रेटच्या कडेला नीट ठेवली. आवाज अगदी साधा होता.

"मी इसरतोय, उदय. लय दिवस झालं. थोरलीला ठावं हाय. आन तिला ठावं हाय, हे मला ठावं हाय. माझ्या मागनं शेडात जाती, मी बघतोय की. म्हणून मी एक युक्ती काढली. काम झालं की पयल्या ट्रेत कडुनिंबाची काडी रोवायची. काडी दिसली की समजायचं, नाथाजी हितं येऊन गेला. त्या दिवशीबी रोवली हुती. दुपारी बघितलं तर काडी न्हाई. मग रोपं बसल्यावर मला वाटलं, दोनदा मीच केली असंल. सकाळी एकदा, आन इसरून परत एकदा." ते थांबले. "आन मी गप बसलो. रंगुबाई डबा घेऊन गेली तवाबी गप बसलो. लाज वाटली मला."

विजयमालानं तोंडाला पदर लावला.

"काडी मी उपटली, तात्या," ती म्हणाली. "कचरा समजून. लय काड्या उपटल्या मी, वरीसभर."

तात्या तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांचे खांदे गदगद हलताना बघून इंद्रजित घाबरून उठला, पण ते हसत होते. "म्हंजी मी रोवतोय आन तू काढतीस," ते म्हणाले. "कसा चालायचा धंदा." त्यांचं हसणं बघून विजयमालालाही रडता रडता हसू फुटलं, आणि प्रिया, जिला एवढं सगळं आत्ताच कळत होतं, ती जाऊन जावेचा हात धरून उभी राहिली. अक्का आपल्यावर रुसल्या नव्हत्या, हे तिला समजलं, आणि आपण उगाच भलतं मनात आणलं म्हणून तिला वाईटही वाटलं.

उदयसिंह खिडकीकडं तोंड करून उभे होते. बाप विसरतोय हे मुलाला असं, चहाच्या कपासोबत कळावं, त्याला कसलीच कवायत उपयोगी पडत नाही. वळले तेव्हा त्यांनी पहाऱ्याबद्दल सांगितलं. पहारा बदलताना पहिला जवान सगळं तोंडानं सांगतो, दुसरा ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवतो, आणि मगच पहिला जागा सोडतो. "भरवसा नसतोय म्हणून न्हवं," ते म्हणाले. "माणूस दमतंय, डोळा लागतोय, म्हणून. त्यात कुणाची लाज निघत न्हाई, तात्या."

तात्यांनी मान डोलावली. मग कागदाकडं बोट करून म्हणाले, "सूनबाई, वरचं नाव खोड."

प्रियाला पेन उचलवेना.

"खोड म्हणतोय न्हवं. प्रमुख म्हंजी ज्याला समद्यांनी इचारायचं तो. मला इचारून काय उपेग? थोरलीचं नाव घाल तितं."

आता सगळ्यांचं लक्ष इंद्रजितकडं गेलं. उदयसिंह आजवर बारा महिने बाहेर, म्हणजे आज ना उद्या वरचा चौकोन आपलाच, असं त्यानं मनात धरलं असणार, आणि त्यात गैर काही नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. दोन्ही हात खिशात घालून तो कागदासमोर उभा राहिला. फोनवर गिऱ्हाइकाला हो म्हणण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण हो म्हटलेलं शेडमध्ये खरं कोण करतं, हे त्यालाही माहीत होतं. मी कबूल करतो आणि वहिनी ते निस्तरतात, असं तो स्वतःच मित्रांत हसत सांगायचा.

"वहिनींचंच घाल," तो बायकोला म्हणाला. "पाचला उठून शेडात कोण असतंय, ते काय मला दिसत न्हाई व्हय."

विजयमाला नको नको म्हणत राहिली. सासऱ्याला मी काम सांगू का, असं तिनं विचारलं, तेव्हा तात्या म्हणाले, नुसतं करून टाकण्यापेक्षा सांगितलेलं बरं, सांगितलंस की मला कळतं तरी. प्रियानं नाव खोडलं आणि त्याशेजारी दुसरं लिहिलं. मग ती पेन तसंच धरून थांबली. तात्यांचं नाव आता कागदावर कुठंच उरलं नव्हतं.

"मला एखादा ल्हान चौकोन दे," तात्या म्हणाले. "ल्हान चालंल. पर भाईर नगं ठिवूस."

विजयमाला पुढं झाली. नर्सरीतून रोपं निघायच्या आधी ट्रेमधलं एखादं रोप ओढून त्याचं मूळ बघावं लागतं. पांढरं आहे का, कोकोपीटचा गड्डा धरून आहे का, रानात गेल्यावर तग धरेल का. हे तात्यांच्या अंगठ्याला जेवढं कळायचं तेवढं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं, आणि गेल्या वर्षभरात त्यात ते एकदाही चुकले नव्हते. तिनं तर मागून जाऊन तपासलं होतं, तिला माहीत होतं. "मुळं बघणं, असं लिही," तिनं प्रियाला सांगितलं. "तात्यांनी बघितल्याबिगर एक ट्रे भाईर जायचा न्हाई." प्रियानं चौकोन आखला. पट्टी न घेता आखला, म्हणून तो थोडा वाकडा आला.

दुपारी तात्या आणि विजयमाला रंगुबाईकडं गेले. ती उंबऱ्यावर बसून वाकळ शिवत होती. या म्हणाली, पण सुई थांबवली नाही. विजयमालानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काडीसकट, काही हातचं न राखता. आपण चार दिवस गप्प बसलो, हेही सांगितलं. तात्यांनी फक्त एवढंच म्हटलं, की मीबी गप बसलो, रंगुबाई, चुकलं माझं.

रंगुबाईनं दोरा दातानं तोडला.

"चार दिस मी माझ्याच हातांवर संशय घेतला," ती म्हणाली. "म्हटलं, खरंच मी केली का काय, आन इसरली का काय. तात्या, लय वंगाळ असतंय बगा ते."

"मला ठावं हाय," तात्या म्हणाले.

त्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि विजयमालाला वाटलं, आपण इथं नसतो तरी चाललं असतं. मग रंगुबाईनं आपल्या दोन अटी सांगितल्या. एक, ज्यानं येऊ नका म्हटलं त्यानंच या म्हणायला यायचं. दुसरी, तिला काम सांगणारं माणूस एकच पाहिजे. आजवर चौघंजण चार कामं सांगायचे, कुणाचं आधी करायचं हे तिनं ठरवायचं, आणि राहिलं की बोलणी तिनंच खायची. विजयमाला म्हणाली, की आता एकच माणूस सांगेल. कोण, म्हणून रंगुबाईनं विचारलं. मी, हा शब्द उच्चारताना विजयमाला लाजली, आणि रंगुबाईला पहिल्यांदाच हसू आलं. संध्याकाळी इंद्रजित जाऊन आला. काय बोलणं झालं ते त्यानं घरी सांगितलं नाही, पण कागदावरचं प्रश्नचिन्ह खोडून तिथं रंगुबाईचं नाव त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं.

सोमवारी सकाळी सातला विजयमाला पहिल्या शेडच्या दाराशी उभी होती. रंगुबाई पंप धूत होती. तात्या टोपी नीट करत आले आणि तिच्यासमोर थांबले.

"आज काय काम?" त्यांनी विचारलं.

तिनं पदर सारखा केला. वीस वर्षं ज्या माणसासमोर ती खालच्या मानेनं वावरली, त्याला काम सांगायचं होतं. "तात्या, शिराळ्याची मिरची नऊला निघणार हाय," ती म्हणाली. "तेवढी मुळं बघा."

"शिराळ्याची मिरची, नऊला, मुळं," तात्यांनी म्हणून दाखवलं आणि आत गेले.

ती मागून गेली नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पाय सवयीनं तिकडं वळायला बघत होते, पण तिनं स्वतःला दुसऱ्या शेडमध्ये गुंतवून घेतलं. नऊला टेंपो भरून गेला. तिनं जाऊन बघितलं तेव्हा राहिलेल्या ट्रेंच्या रांगेत, पहिल्याच ट्रेच्या कोपऱ्यात, कडुनिंबाची काडी सरळ उभी होती. ती तिनं तशीच राहू दिली.

दहाच्या पुढं तात्या घाईघाईनं पुन्हा आले. चेहऱ्यावर काळजी होती.

"विजयमाला, ती शिराळ्याची मुळं बघायची राहिली न्हवं माझी?"

तिनं त्यांचा हात धरला. लग्न होऊन आल्यापासून तिनं सासऱ्याचा हात असा कधी धरला नव्हता. ती त्यांना शेडमध्ये घेऊन गेली आणि पहिल्या ट्रेपाशी उभं केलं.

"ही काडी कुणाची, तात्या?"

तात्या वाकले. काडीला बोट लावून त्यांनी ती ओळखीची आहे का ते नीट बघितलं.

"माझी," ते म्हणाले.

"मग झालंय."

"झालंय म्हणतीस?"

"झालंय, तात्या."

"मग बसतो जरा," ते म्हणाले, आणि चिंचेखाली जाऊन निवांत बसले.